पोस्ट-रॉक ऐकायचं कसं: आधी आवाज, मग अल्बम

पोस्ट-रॉक म्हणजे रॉकच्याच वाद्यांवरचं, बहुतेकदा गायकाविना चालणारं लांबलचक संगीत. ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याची तक्रार ठरलेली असते: बराच वेळ काही घडतच नाही, आणि मग एकदम कानठळ्या बसतात. तक्रार खोटी नाही. हे संगीत उभंच आहे ते बारीक आणि मोठ्या आवाजातल्या अंतरावर. पण फोनमधलं अ‍ॅप, डोक्यावरचा पंखा आणि स्वस्तातला स्पीकर मिळून ते अंतर खाऊन टाकतात आणि मागे उरतं ते खरोखरच कंटाळवाणं असतं. म्हणून कुठला बँड ऐकायचा ते नंतर बघू.

आवाज लावून घ्या

यासाठी ग्लासगोच्या मोग्वाय या बँडचं 'लाइक हेरोड' फार सोयीचं आहे. 1997 च्या 'यंग टीम' या अल्बममधलं, पावणेबारा मिनिटांच्या आसपासचं. पहिली तीनेक मिनिटं बेस आणि गिटार आपसात कुजबुजत असतात, इतकी की हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. मग कसलीही चाहूल न देता गिटारचा डोंगर कोसळतो. व्हॉल्यूम वाढवून ठेवलेला माणूस हेडफोन काढून फेकतो आणि पुन्हा या वाटेला जात नाही.

म्हणून उलट्या बाजूनं सुरुवात करा. गाणं लावून थेट सव्वातीन मिनिटांवर जा. तिथे, ऐन गदारोळात, कानाला सोसेल आणि तरी भरीव वाटेल इतका व्हॉल्यूम ठेवा. आता शून्यावर परत या आणि शेवटपर्यंत व्हॉल्यूमला हात लावू नका. सुरुवातीचं काही ऐकू येत नसेल तर खोलीतला आवाज कमी करा: पंखा बंद, खिडकी बंद, कान पूर्ण झाकणारे हेडफोन. कानांची काळजी ही इथे नुसती औपचारिकता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो, 90 डेसिबलला ही मर्यादा 4 तासांवर येते.

मग अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जा. शफल बंद. क्रॉसफेड शून्यावर, कारण एका ट्रॅकचं शेपूट दुसऱ्यावर चढलं की मुद्दाम ठेवलेली शांतता जाते. गॅपलेस चालू, कारण काही अल्बममध्ये ट्रॅक एकमेकांना जोडलेले असतात. स्पॉटिफायवर आवाज समान करण्याच्या पर्यायात 'लाउड' निवडलेलं असेल तर ते बदला. त्यात मोठ्या आवाजाची टोकं लिमिटरनं दाबली जातात. 'नॉर्मल' चालेल, पूर्ण बंद त्याहून बरं. इक्वलायझरमधला 'बेस बूस्ट' काढून टाका. यूट्यूबवर फुकट ऐकत असाल तर वीस मिनिटांच्या ट्रॅकच्या मधोमध साबणाची जाहिरात येऊ शकते. लांब ट्रॅक तिथे ऐकू नका. फोनच्या स्पीकरवर तर अजिबात नको, त्यात बेस नसतोच.

कान कशाकडे लावायचा

1994 मध्ये ब्रिटिश समीक्षक सायमन रेनॉल्ड्स यांनी लंडनच्या बार्क सायकोसिस या बँडच्या 'हेक्स' अल्बमबद्दल लिहिताना 'पोस्ट-रॉक' हा शब्द वापरला आणि तो रुळला. त्यांचा मुद्दा साधा होता: वाद्यं रॉकचीच, गिटार, बेस, ड्रम, पण त्यांचं काम वेगळं. गिटार रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा, वाजवण्यासाठी नाही, आवाजाचा पोत तयार करण्यासाठी. या खोक्यात घातलेल्या बहुतेक बँडना हा शब्द आवडत नाही, तो भाग निराळा.

ऐकणाऱ्यासाठी याचा अर्थ असा की मुखडा शोधू नका. ख्यालाची सवय असलेल्या कानाला इथे एक फायदा आहे आणि एक तोटा. फायदा म्हणजे धीर. विलंबितात अर्धा तास बसलेल्याला वीस मिनिटांचं भय नसतं. तोटा असा की तो कान मुख्य कलाकाराची वाट बघत राहतो. इथे तसा कोणी येत नाही. सगळे जण साथीला बसलेत आणि गायक आलाच नाही, असं वाटलं तर तुम्ही बरोबर ऐकताय.

सहा अल्बम, सहा आठवडे

आठवड्याला एक, प्रत्येक तीनदा. क्रम मुद्दाम असा लावलाय.

पहिला, 'नॉय!' या जर्मन जोडगोळीचा त्याच नावाचा 1972 चा अल्बम. पोस्ट-रॉकच्या वीस वर्षं आधीचा, पण कान तयार होतो तो इथेच. 'हालोगालो' हा दहा मिनिटांचा पहिला ट्रॅक लावा. क्लाउस डिंगरचा चार मात्रांचा ठेका सरळ रस्त्यावरच्या गाडीसारखा चालत राहतो, स्वरांची चौकटही जवळजवळ हलत नाही. पहिली दोन मिनिटं फक्त ड्रम मोजा. मग ड्रम सोडून द्या आणि मायकेल रोटरच्या गिटारचे थर कधी येतात, कधी विरतात ते बघा. बदल होण्याची वाट बघणं थांबलं की हा धडा झाला.

दुसरा, टॉक टॉकचा 'स्पिरिट ऑफ ईडन', 1988. जवळपास अंधार केलेल्या स्टुडिओत वादकांना तासन्‌तास मोकळं वाजवू दिलं आणि त्यातले मोजके तुकडे ठेवून हे संगीत जोडलं गेलं. त्यामुळे यातली शांतता रिकामी नाही, कापून उरवलेली आहे. पहिले तीन ट्रॅक सलग ऐका, ती एकच रचना आहे.

तिसरा, स्लिंटचा 'स्पायडरलँड'. केंटकीतल्या लुइव्हिल गावची विशीतली पोरं. 1990 च्या ऑगस्टमध्ये मोजक्या दिवसांत ध्वनिमुद्रण झालं, 1991 मध्ये अल्बम आला तोवर बँड फुटलेला होता. शब्द गायलेले कमी, पुटपुटलेले जास्त. 'नॉस्फेराटू मॅन'च्या कडव्यात पाच मात्रांचं चक्र आहे. मांडीवर एक ते पाच मोजत ऐका. झपतालाची सवय असली तरी घसराल, कारण टेकायला टाळी-खाली नाही. शेवटचं 'गुड मॉर्निंग, कॅप्टन' रात्री एकट्यानं ऐकलं तर जास्त लागू पडतं.

चौथा, शिकागोच्या टॉर्टसचा 'मिलियन्स नाऊ लिव्हिंग विल नेव्हर डाय', 1996. यातल्या 'जेड' या एकवीस मिनिटांच्या ट्रॅकमध्ये नॉयचा ठेका ओळखीचा वाटेल, म्हणूनच तो अल्बम आधी ठेवला. पुढे ऑर्गन आणि मॅलेटनं, म्हणजे गोल टोकाच्या काठीनं, वाजवायच्या वाद्यांची गुंफण येते. दोन तृतीयांश वाट सरल्यावर ध्वनी अडखळतो, तुटतो, जणू टेप खराब झाली. फोन तपासू नका, ते तसंच आहे.

पाचवा, मॉन्ट्रियलच्या गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्पररचा 'लिफ्ट युअर स्किनी फिस्ट्स लाइक अँटेनाज टू हेवन', 2000. दोन डिस्क, चार ट्रॅक, सुमारे सत्त्याऐंशी मिनिटं. सगळा एका बैठकीत ऐकायची हौस बाळगू नका. दिवसाला एक ट्रॅक पुरे.

सहावा, आइसलँडच्या सिगुर रोसचा 'आगाइतिस बिर्यून', 1999. गायक योन्सी गिटार चेलोच्या गजानं वाजवतो, त्यातून तो लांबलचक धुक्यासारखा सूर येतो. 2002 च्या पुढच्या अल्बममधले शब्द तर कुठल्याच भाषेतले नाहीत, तेव्हा अर्थ शोधण्यात वेळ घालवू नका.

एक्सप्लोजन्स इन द स्काय इथे का नाही? टेक्ससच्या या चौघांचा 2003 चा 'द अर्थ इज नॉट अ कोल्ड डेड प्लेस' उत्तमच आहे. पण त्यांचा साचा, म्हणजे हळू सुरुवात, चढत जाणं, स्फोट, पुढे इतक्यांनी गिरवला की तो आधी कानात बसला तर बाकी सगळं चुकलेलं वाटू लागतं. सातव्या आठवड्यात ऐका.

तिसऱ्यांदा ऐकताना कागद घ्या

पहिल्यांदा नुसतं ऐका, डोळे मिटून, फोन पालथा. दुसऱ्यांदा एकच वाद्य धरा. बेस धरलेला उत्तम. तिसऱ्यांदा कागदावर तीन रकाने पाडा: वेळ, नवं काय आलं, आवाज एक ते पाचमध्ये किती.

गॉडस्पीडच्या वरच्या अल्बममधल्या 'स्टॉर्म'वर हे करून बघा. साडेबावीस मिनिटांचा हा ट्रॅक चार तुकड्यांचा आहे. पहिला सव्वासहा मिनिटांचा: एक साधी सुरावट एकेका वाद्याच्या भरतीनं फुगत जाते आणि कळसाला पोचते. इथे कागदावर पाच लिहून मोकळे होऊ नका. दुसरा तुकडा अकरा मिनिटांचा आहे, पुन्हा तळापासून चढतो आणि वेगही वाढवतो. पाच तिथे लागतील. नंतर साधारण सव्वा मिनिट पेट्रोल पंपावरची ध्वनिक्षेपकावरची सूचना आणि शेवटी चारेक मिनिटं ओसरणारा पियानो. कागदावरचे आकडे जोडले की रेघ एका टेकडीची येत नाही. लहान टेकडी, मोठी टेकडी, मग लांब उतार. साचेबद्ध बँडची रेघ काढाल तेव्हा फरक लगेच दिसेल.

कुठे बिघडतं

अभ्यास करताना मागे लावून ठेवणं ही सर्रास चूक. बारीक भाग कानावरून जातात, मोठे भाग दचकवतात. 'अभ्यासासाठी पोस्ट-रॉक' छापाच्या प्लेलिस्ट तर हळू सुरुवात आणि मग स्फोट या साच्याच्या शंभर नकला एकामागोमाग वाजवतात. लोकल किंवा बसमध्ये ऐकायचं असेल तर नॉय घ्या, त्याचा आवाज फारसा वरखाली होत नाही. टॉक टॉक तिथे निम्माही पोचणार नाही. आणि दिवसाला चार अल्बम उरकू नका. चौथ्यापर्यंत सगळ्या गिटार एकसारख्या वाटतात.

पुढच्या फांद्या

काय आवडलं त्यावरून वळा. मात्रा मोजण्यात मजा आली तर मॅथ रॉक: पिट्सबर्गचा डॉन कॅबालेरो, मग बॅटल्सचा 'मिरर्ड', 2007. पोत आवडला तर माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा 'लव्हलेस', 1991. आवाजाचं वजन हवं असेल तर टोकियोचा मोनो, आणि पोट भरत नसेल तर स्वान्सचा 'द सीअर', 2012. त्याचा शीर्षक-ट्रॅकच बत्तीस मिनिटांचा आहे. अखंड ठेका आवडला तर कॅनचा 'टागो मागो', 1971. टेपची कापाकापी आवडली तर लंडनच्या दिस हीटचा 'डिसीट', 1981. हिंदी शब्दांसह हेच ऐकायचं असेल तर भारतातल्या अ‍ॅजवीकीपसर्चिंगचा 'झिया', 2017. अ‍ॅप सुचवेल त्यापेक्षा लेबलच्या, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीच्या, नावानं शोधलेलं बरं: मॉन्ट्रियलचं कॉन्स्टेलेशन, शिकागोची थ्रिल जॉकी आणि क्रँकी.

शोधताना थोडं सांभाळा. टॉक टॉकच्या पानावर नुसतं प्ले दाबलंत तर ऐंशीच्या दशकातली त्यांची नाचाची सिंथ-पॉप गाणी सुरू होतील. अल्बमचं नाव टाकून जा. नॉय हे एन-ई-यू असं लिहितात, पुढे उद्गारचिन्ह. गॉडस्पीडचं उद्गारचिन्ह जुन्या अल्बमवर नावाच्या अगदी शेवटी असे, नंतर ते 'यू'च्या लगेच पुढे आलं. दोन्ही एकच बँड. सिगुर रोसच्या 2002 च्या अल्बमचं नाव म्हणजे नुसता एक रिकामा कंस, आतल्या आठही ट्रॅकना नाव नाही. तो बँडच्या पानावर जाऊन सालावरून उचलावा लागतो.