बिट्ट्या खेळलेल्या आजीची बागेतली झडती

लहानपणी आम्ही बिट्ट्यांनी खेळायचो, म्हणून नातवाच्या हातात बिट्टी दिसली तेव्हा आधी हसू आलं. मग त्याने ती तोंडाकडे नेली.

बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर. पानं अरुंद, चकचकीत, फूल घंटेसारखं, फळ हिरवं, टोकदार, वाळल्यावर काळं. आतली बी हृदयाचे ठोके बिघडवते. पान तोडलं की पांढरा चीक येतो. पण नुसत्या चिकावर जाऊ नका, चीक चिकूलाही असतो! पान, फूल, फळ तिन्ही पाहा.

कुंपणाला मोगली एरंड असेल तर तो आधी काढा. बी चवीला बरी लागते, म्हणून पोरं मूठभर खातात आणि उलट्या-जुलाब सुरू होतात. धोतरा काटेरी फळावरून कळतो. गुंज लाल, टोकाला काळी. चावली तर घातक. हॉलमधल्या कुंडीतलं ठिपक्यांचं डिफेनबेकियाही तपासा, त्याने जीभ सुजते.

मुलाने काही खाल्लंच तर तोंडातलं काढा, चूळ भरायला लावा. मीठपाणी पाजून उलटी काढू नका. झाडाची फांदी पिशवीत घाला आणि थेट दवाखाना गाठा.