गल्लीतले उंदीर कसे कमी करावेत: आधी खाणं, मग भोकं, मग सापळे

आपल्या घरातले चार उंदीर मारले आणि शेजारचा कचऱ्याचा डबा उघडाच राहिला, तर मोकळी झालेली जागा थोड्याच दिवसांत नवे उंदीर घेतात. मादी २१ ते २३ दिवसांत विते, एका वेळी साधारण ६ ते १२ पिल्लं देते आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. या वेगापुढे एकटं घर टिकत नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात उंदरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ डेव्हिड डेव्हिस यांनी हेच दाखवलं होतं. नुसते पकडून उंदरांची संख्या पुन्हा होती तिथे येते; अन्न आणि आसरा तोडला की ती खालीच राहते. म्हणून शेजाऱ्यांशी बोलून सगळ्या गल्लीने एकाच आठवड्यात काम सुरू करायचं ठरवा.

पहिल्या दिवशी अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन फेरी मारा. लेंड्या पाहा: ताज्या असतील तर काळ्या, मऊ आणि चकचकीत दिसतात, जुन्या कोरड्या आणि फिकट. उंदीर भिंतीला अंग घासत त्याच त्या वाटेने जातो, त्यामुळे तिथे तेलकट काळपट पट्टा उमटतो. जमिनीतली बिळं बहुधा ६ ते ९ सेंटिमीटर रुंद असतात, भिंतीच्या किंवा झुडपाच्या कडेला. बीळ चालू आहे का हे कळायला त्यात चुरगळलेला कागद सैल कोंबा. एक-दोन दिवसांत तो बाहेर आला असेल तर आत वस्ती आहे. सगळ्या खुणा कागदावर मांडा, सापळे कुठे लावायचे ते त्यावरूनच ठरेल.

मग खाणं बंद करा. माझ्या मते निम्म्याहून जास्त यश इथेच आहे, आणि दुर्लक्षही इथेच होतं. एका उंदराला दिवसाला २५-३० ग्रॅम अन्न पुरतं, म्हणजे कुत्र्या-मांजरासाठी रात्रभर बाहेर राहिलेल्या एका वाटीवर दोन-तीन उंदीर जगतात. वाटी संध्याकाळी उचला. कचरा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पिशवीत नको, कारण पिशवी ते सहज कुरतडतात. आणि शक्य तर रात्रीऐवजी सकाळीच बाहेर काढा. पक्ष्यांना टाकलेले दाणे, झाडाखाली पडलेली फळं, खतात टाकलेलं शिजलेलं अन्न, हे सगळं त्यांचं जेवण. गळका नळ दुरुस्त करा, पाणी त्यांनाही लागतं. भिंतीला टेकलेली अडगळ हलवा, झुडपांच्या खालच्या फांद्या छाटा.

भोकं बुजवताना लक्षात ठेवा: दोन सेंटिमीटरच्या फटीतूनही उंदीर आत येऊ शकतो. फोम किंवा लाकूड चालत नाही, तो कुरतडतो. भोकात स्टीलची तार ठासून वरून सिमेंट भरा. झरोके आणि जाळ्यांना ६ मिलिमीटरपेक्षा मोठी भोकं नसलेली धातूची जाळी लावा, दाराखाली पत्र्याची पट्टी. गटारांची तुटलेली झाकणं बदलून घ्या. छतावर टेकलेल्या फांद्याही कापा, काही जाती उत्तम चढतात.

आता सापळे. नवी वस्तू दिसली की उंदीर तिला टाळतो, म्हणून आमिष लावून सापळे काही दिवस न ताणताच ठेवा. ते खाल्लं जाऊ लागलं की एकाच रात्री सगळे ताणा. स्प्रिंगचा सापळा भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे, अशा रीतीने मांडा. एक-दोन नव्हे, पुष्कळ लावा आणि मुलांचा हात पोचणार नाही असे झाका. चिकट पाट्या मी सुचवत नाही. प्राणी तासन् तास तडफडतो.

विष शेवटचा उपाय, आणि तोही जाणकाराच्याच हातून, कुलूपबंद पेटीत. रक्त गोठू न देणाऱ्या विषाने उंदीर काही दिवसांनी मरतो, तोवर त्याला खाणारं घुबड किंवा मांजरही धोक्यात येतं. झिंक फॉस्फाइडवर तर उताराच नाही. कुणाच्या पोटात विष गेल्याचा संशय आला तर पाकीट घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

लेंड्या झाडूने कोरड्या झाडू नका, धूळ श्वासात जाते. खिडक्या उघडा, हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं द्रावण फवारून पाच मिनिटं थांबा, मग कागदाने पुसून घ्या. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, म्हणून अंगावर जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरू नका.

पुढे महिन्यातून एकदा कागदावरच्या खुणांवरून पुन्हा फेरी मारा. ही पाळी घराघरांत वाटून घ्या; नवं बीळ दिसलं की तिथे त्याच आठवड्यात सापळा लागला पाहिजे.