शॉर्टकट व्हायरस काढला तरी परत येतो?

झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह घरी आला आणि सगळ्या फोल्डरवर छोटासा बाण दिसू लागला, की शॉर्टकट व्हायरस आला असं समजायचं. फाइली बहुधा गेलेल्या नसतात, नुसत्या लपवलेल्या असतात. त्यामुळे फॉरमॅट मारायची घाई नको. आणि त्या बाणवाल्या शॉर्टकटवर डबल-क्लिक तर अजिबात नको, व्हायरस त्यानेच चालू होतो.

पेनड्राइव्ह काढा, विंडोज सिक्युरिटी (विंडोजसोबतच येणारं सुरक्षेचं अ‍ॅप) अपडेट करा, मग वायफाय बंद. त्याच अ‍ॅपमधल्या 'स्कॅन ऑप्शन्स'मधून मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या त्यातल्या अँटिव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन निवडा. मशीन रीस्टार्ट होऊन साधारण 15 मिनिटं घेतं. विंडोज सुरू नसतानाच तपासणी होते, म्हणून चिवट व्हायरसही आड येत नाही. दुसरे दोन-तीन फुकट अँटिव्हायरस सोबत टाकू नका, ते आपसातच भांडत बसतात.

तरी परत आला? टास्क शेड्युलर उघडा, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची विंडोजमधली यादी. 'डब्ल्यूस्क्रिप्ट'ने (wscript, स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) एखादी अनोळखी व्हीबीएस (.vbs, स्क्रिप्टची) फाइल चालवणारं काम दिसलं, तर ते आणि ती फाइल दोन्ही उडवा. नुसती फाइल उडवली तर कधीकधी ती पुन्हा उगवते.

आता पेनड्राइव्ह लावून स्कॅन करा. फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या आणि सिस्टिमच्या फाइली दिसतील असं करा, फक्त आपले फोटो-कागदपत्रं उचला आणि मग खुशाल फॉरमॅट मारा. या मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकला असेल, तर तो चोरीला गेला असू शकतो, म्हणून मोबाइलवरून बदला.