सायकॉलॉजिकल थ्रिलर लिहायचाय? मग व्हिलनला आधी पोहे आणायला पाठवा

बहुतेक लोक पहिल्याच पानावर व्हिलनच्या डोळ्यात काहीतरी विचित्र चमक टाकतात आणि तिथंच सगळं फुस्स होतं, वाचक सावध झाला की मग कोणाला फसवणार? व्हिलन घरातला सगळ्यात कामाचा माणूस पाहिजे, इतका की वाचकाला वाटावं, आपल्याकडे पण असा एक असता तर!

आपल्या इंदूरचंच घ्या. लोकमान्य नगरात एकटी राहणारी मावशी, आणि भंवरकुआंला एमपीपीएससीच्या, म्हणजे मध्य प्रदेशातल्या सरकारी नोकरीच्या परीक्षेच्या, कोचिंगसाठी आलेला भाचा. सकाळी पोहे-जिलेबी आणतो, गॅसचा नंबर लावतो, बीपीची गोळी संपायच्या आत नवीन पट्टी हजर. ही पानं बोअर होतील म्हणून कापू नका, पुढचा सगळा खेळ ह्यांच्याच जिवावर आहे.

मग मागण्या, पण छोट्यापासून. 1966 मध्ये फ्रीडमन आणि फ्रेझर ह्या मानसशास्त्रज्ञांचा कॅलिफोर्नियातला प्रयोग छापून आला, त्यात बायकांना फोनवर आधी साबण कुठला वापरता वगैरे विचारलं आणि तीन दिवसांनी म्हणाले, आमची पाच-सहा माणसं दोन तास घरात येऊन कपाटं उघडून सामानाची यादी करतील, चालेल का? साबणाची उत्तरं दिलेल्या निम्म्याहून जास्त बायका हो म्हणाल्या, ज्यांना डायरेक्ट हेच विचारलं त्यातल्या फक्त 22 टक्के. तर भाच्यानं आधी वीजबिलाचा ओटीपी मागावा, मग एटीएमचा पिन, घराचे कागद खूप नंतर. आणि दर वेळी मावशीच "अरे घे की" म्हणाली पाहिजे, त्यानं ओढून घेतलं तर तो साधा चोर झाला.

खरी मजा पुढं आहे, मावशीचा स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा उडवायचा. लॉफ्टस आणि पामर ह्या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवून काहींना "आपटल्या तेव्हा" तर काहींना "चुराडा झाला तेव्हा" स्पीड किती होता असं विचारलं, आठवड्यानं फुटलेली काच दिसली का विचारल्यावर चुराडावाल्या 50 पैकी 16 जण हो म्हणाले, दुसऱ्या 50 पैकी 7, आणि फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती! म्हणून भाच्यानं खोटं सांगू नये, प्रश्नात घुसवावं: "मावशी, मे महिन्यात सराफ्यात गराडू खाताना तूच घराची फाइल माझ्याकडे ठेव म्हणालीस ना, मग तेव्हा तिच्यात वारसपत्र होतं का गं?" ती बिचारी वारसपत्र आठवत बसते. इंदूरवाल्याला मात्र लगेच खटकेल, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारातला गराडू, म्हणजे मसाला लावलेला तळलेला कंद, थंडीतला, मे मध्ये कुठून आला भिया? बाहेरच्या वाचकासाठी दहा-बारा पानं आधी शेजारच्या काकूंच्या तोंडी सहज टाकून ठेवा, की थंडी सुरू झाली, आता गराडू मिळेल. क्लू उघड्यावरच ठेवायचा, फक्त खाण्यापिण्याच्या गप्पात बुडवून.

ह्याच काकूंबद्दल भाचा वाईट कधीच बोलणार नाही, फक्त "त्या फार चौकशा करतात गं" एवढंच, बाकी दार बंद करायचं काम मावशी स्वतः करेल.

शेवटी पोलिसांसमोर भाच्याचं दोन पानी कबुलीचं भाषण प्लीज नको. मावशीला कळलंय हे भाच्याला कळायच्या आत तिनंच त्याला एक छोटी मागणी करावी, साबणाएवढी.