हृदयाची एन्झाइम तपासणी: रक्त देण्याआधीची तयारी

छातीत आत्ता दडपण येत असेल, घाम फुटला असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर हे वाचत बसू नका. रुग्णवाहिका बोलवा आणि थेट रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा. स्वतः गाडी चालवू नका, आणि अशा वेळी नुसतं रक्त द्यायला लॅबमध्ये तर मुळीच जाऊ नका. ईसीजी आधी लागतो, आणि तो स्पष्ट सांगत असेल तर रक्ताच्या रिपोर्टसाठी डॉक्टर थांबत नाहीत.

बरोबरच्या माणसाने एक गोष्ट आवर्जून करावी: दुखणं किती वाजता सुरू झालं, ते लिहून ठेवावं. माझ्या मते तयारीच्या यादीतली सगळ्यात मोलाची नोंद हीच. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात उतरतं, पण ते मोजण्याइतकं वाढायला साधारण ३ ते ४ तास जातात. अतिसंवेदनशील चाचणीत ते थोडं आधीही सापडतं. म्हणून दुखू लागल्यावर तासाभरात घेतलेला नमुना नॉर्मल आला, तरी निर्धास्त होऊन घरी निघू नका. दुसरा नमुना चाचणीच्या प्रकारानुसार १ ते ६ तासांनी घेतात. आकडा चढतोय की तिथेच आहे, यावरच निदानाची भिस्त असते. पुन्हा सुई टोचली म्हणून वैतागू नका, तेवढा वेळ हाताशी ठेवूनच जा.

दुखणं दोन-चार दिवसांपूर्वीचं असेल तरी सांगा. सीके-एमबी हे हृदयाच्या स्नायूतून रक्तात येणारं एन्झाइम २ ते ३ दिवसांत पूर्ववत होतं, ट्रोपोनिन मात्र आठवडाभर किंवा त्याहून जास्त काळ वाढलेलं राहू शकतं.

उपाशी राहायची गरज नाही. चालू औषधांची यादी, नाहीतर सरळ गोळ्यांची पाकिटंच बरोबर घ्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर टोचल्या जागी जरा जास्त वेळ दाबून धरावं लागतं. केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा. मोठ्या डोसमुळे काही चाचण्यांत ट्रोपोनिन खोटंच कमी दिसू शकतं. नुकताच केलेला जोरदार व्यायाम, पडझड किंवा दंडात घेतलेलं इंजेक्शन सांगायला विसरू नका, त्याने एकूण सीके (स्नायूंमधलं एन्झाइम, सीके-एमबी हा त्याचाच एक प्रकार) वाढतं. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर आधीचे रिपोर्ट न्याच, कारण अशा माणसांत ट्रोपोनिन एरवीही चढं असू शकतं. हृदयाच्या स्नायूला सूज, फुप्फुसात अडकलेली गुठळी, गंभीर जंतुसंसर्ग, यांतही ते वाढतं. वाढलेला आकडा म्हणजे प्रत्येक वेळी हार्ट अटॅक नव्हे, पण तो ठरवणं डॉक्टरांचं काम.

रिपोर्ट हातात आला की आकड्याआधी एकक बघा. ०.०४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि ४० नॅनोग्रॅम प्रति लिटर हे एकच माप आहे. नॉर्मलची मर्यादाही चाचणीगणिक बदलते, काही चाचण्यांत स्त्री-पुरुषांसाठी वेगळी असते. त्यामुळे शक्यतो दोन्ही नमुने एकाच लॅबमध्ये तपासून घ्या.