‘ऑसम’ हा शब्द कुठे वापरावा?
इंग्रजीतील ‘ऑसम’ या विशेषणाचा मूळ अर्थ ‘आदरयुक्त भीती किंवा विस्मय निर्माण करणारे’ असा असून, ‘झकास’ या अर्थाने त्याचा सर्रास वापर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बोलीभाषेतून रूढ झाला. मित्राने पाठवलेल्या फोटोला दाद देताना तो शोभतो. मात्र नोकरीच्या अर्जात किंवा वरिष्ठांना लिहिलेल्या ईमेलमध्ये ‘एक्सलंट’ लिहिणेच योग्य. ‘ऑसम’ या शब्दात पराकाष्ठा आधीच सामावलेली असल्याने त्याआधी ‘व्हेरी’ जोडू नये. जोर द्यायचाच असेल, तर ‘अ‍ॅब्सोल्यूटली ऑसम’ म्हणावे. सर्वांत जपायचे ते ‘ऑफुल’पासून, कारण दोन्हींचे मूळ एकच असले, तरी ‘युअर स्पीच वॉज ऑफुल’ म्हणजे तुमचे भाषण अगदीच वाईट झाले.