मृगाच्या आधी पिकअप उंच करायची असेल तर

कापूस गेला, पऱ्हाटी उपटून झाली, हातात चार पैसे आले की पिकअप उंच करायचा विषय निघतोच. करायचंच असेल तर होळी ते अक्षय तृतीया, एवढ्यातच उरका. मे महिन्यात टिनाच्या गॅरेजात दुपारी पाना हातात धरवत नाही, मिस्त्री काम उरकायच्या मागे लागतो. आणि मृग लागल्यावर जाग आली तर नटबोल्ट पुन्हा कसायची वेळ नेमकी चिखलात येते.

लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करायचं सामान, बघायला जायच्या आधी एका गोष्टीचा छडा लावा, गाडी अडते कुठे? पांदणीत ट्रॅक्टरनं पाडलेल्या खोल चाकोऱ्या असतात, त्यांच्या मधल्या उंचवट्यावर मागचं हाऊसिंग, म्हणजे मागच्या एक्सलच्या मधोमध असलेला गिअरचा लोखंडी गोळा, टेकतं आणि चाकं अधांतरी फिरतात. हा एक प्रकार. दुसरा म्हणजे गाडी कुठं टेकलेली नसते, पण ओल्या काळ्या मातीवर चाक जागच्या जागी गरगरतं. तिसरा, नाल्यात उतरताना बंपर आधी दरडीला लागतो. तिन्हींचं औषध वेगळं आहे. लिफ्ट किटनं चेसिस आणि बॉडी वर जाते, बंपर वर जातो. मागचं हाऊसिंग मात्र एक्सलवर आहे आणि एक्सल चाकांवर, त्यामुळं किट कितीही महागाचं घाला, तो गोळा जमिनीपासून होता तेवढाच राहतो. त्याला वर न्यायचं तर टायरच मोठा लागतो, आणि तोही व्यासात जेवढा वाढला त्याच्या निम्माच उचलतो. चाक गरगरत असेल तर उंचीचा काही संबंधच नाही, तिथं टायरची नक्षी, हवा आणि मागच्या चाकांवरचं वजन पाहायचं. टू-व्हील ड्राइव्ह पिकअप रिकामी असेल तर मागे चार पोती टाकून बघा आधी. पुष्कळांचा प्रश्न तिथंच मिटतो आणि पैसे वाचतात.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी टायर ठरवा, मग त्या टायरला जागा करायला जेवढी लागेल तेवढीच लिफ्ट. आपल्याकडे उलटं चालतं. पोट्टे मोबाइलवर फोटो पाहून चार इंच म्हणतात आणि मग त्या उंचीला शोभेल असा टायर हुडकतात. ज्या गाडीत कापूस आणि संत्र्याचे क्रेट भरायचे आहेत तिला दोन इंचांपलीकडे नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कापूस हलका, त्यामुळं तो टपाच्या वर रचला जातो. गाडीचा तोल आधीच वर गेलेला असतो. त्यात खालून आणखी उंची घातली तर तिरप्या धुऱ्यावरून चढताना काय होईल ते सांगायला नको.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात आणि आरसीवरच्या नोंदीत फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. माल वाहतुकीची गाडी असेल तर फिटनेससाठी पासिंगला उभी करावीच लागते, म्हणजे लपवायची सोयही नाही. तेव्हा आरसी, किटचा कागद आणि टायरचा साइज घेऊन आधी आरटीओत विचारा आणि मिळेल ते उत्तर लेखी घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. ‘गावात कोण विचारतंय’ हे बोलणं अपघात होईपर्यंतच खरं असतं. क्लेमच्या वेळी सर्वेअर पहिल्यांदा चाकाकडेच बघतो. कंपनीनं त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला जो टायर दिलाय, तिथपर्यंतच थांबलात तर पुढचा बराच घोर कमी होतो. गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबा.

मग टेप घ्या. गाडी कोब्यावर, सपाट जागी उभी करा आणि चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. आधी रिकामी, मग नेहमीचा माल भरून. आकडे पुठ्ठ्यावर लिहून तो पुठ्ठा डॅशबोर्डात ठेवा. डावी-उजवी बाजू सारखी नसेल तर एखादा पाटा (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) बसलेला किंवा तुटलेला आहे, आणि थकलेल्या पाट्यांवर लिफ्ट चढवण्यात काही अर्थ नाही. मोजताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि टायर आतल्या बाजूनं चेसिसला किती जवळ येतो ते बोट घालून बघा. मोठा टायर घासतो तो बहुतेक इथंच.

टायरच्या बाजूवर लिहिलेलं वाचता आलं की निम्मं काम झालं. समजा २१५/७५ आर १५ आहे. रुंदी २१५ मिलिमीटर, उंची तिच्या ७५ टक्के, रिम १५ इंची. हिशेब केला तर व्यास साधारण ७०३ मिलिमीटर येतो. त्याजागी २३५/७५ आर १५ घातला तर साधारण ७३३. वाढ तीस मिलिमीटरची, म्हणजे हाऊसिंग वर गेलं पंधरा. दिसायला किरकोळ, पण चाकोरीतल्या उंचवट्यावर पंधरा मिलिमीटर पुष्कळ होतात. एवढ्याच बदलानं स्पीडोमीटर चार टक्क्यांनी मागे पडतो: काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ च्या वर असेल. किलोमीटरही कमी मोजले जातील, त्यामुळं ऑइल बदलायचं आकड्याच्या थोडं आधीच. गिअरही तेवढेच जड पडतात. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट भरल्या गाडीनं चढणाऱ्याला हे पहिल्याच वळणावर कळेल.

टायरवर मापाच्या पुढे असतो तो आकडा लोडचा, म्हणजे वजन पेलायच्या ताकदीचा. १०४ म्हणजे एका टायरवर ९०० किलो, ११२ म्हणजे ११२०. नवा टायर कितीही दणकट दिसो, हा आकडा जुन्यापेक्षा कमी असेल तर तो पिकअपचा टायर नव्हे. एसयूव्हीचे टायर पिकअपला चढवताना नेमकं इथंच फसायला होतं. शिवाय बनावटीची तारीख पाहा. बाजूवर शेवटी चार अंक असतात. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ‘नवा कोरा’ म्हणून दुकानात तीन वर्षं पडलेला टायर गळ्यात मारला जाऊ शकतो.

नक्षी कुठली घ्यायची, यावर पारावर रात्र निघेल. काळी कापसाची माती ओली झाली की चिकटते आणि चाकाबरोबर फिरत वर जाते. बारीक नक्षीतली फट तर भरतेच, वर मडगार्डच्या आत थरावर थर बसतो आणि शेवटी चाकच अडकतं. म्हणून टायरच्या वर रिकामी जागा लागते, चार बोटं तरी, आणि लिफ्टचा खरा उपयोग हाच. मड टायर, म्हणजे मोठ्या फटींच्या नक्षीचा टायर, फटीतली माती बाहेर फेकतो, पण डांबरी रस्त्यावर आवाज करतो, लवकर झिजतो, आणि पाऊस पडलेल्या हायवेवर ब्रेक लावताना जपून राहावं लागतं. ज्याची गाडी वर्षातले आठ महिने डांबरीवर धावते त्यानं ऑल टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्चा दोन्हीला चालणारा टायर, घ्यावा. फार रुंद टायरच्या मागे लागू नका. पातळ चिखलाखाली कडक जमीन असेल तर बेताच्या रुंदीचा टायर चिखल कापून खाली पकड घेतो. घ्यायचे ते पाच घ्या. स्टेपनी जुन्या मापाची ठेवून फोर-बाय-फोर चालवली तर गिअरचं काम वाढवून ठेवाल. आणि नवी स्टेपनी तिच्या जागेत मावते का, तेही दुकानातच बघून घ्या.

किटचं बोलायचं तर पुढचं सस्पेन्शन कसं आहे त्यावर सगळं ठरतं. इसुझूच्या व्ही-क्रॉससारख्या गाडीत पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. स्प्रिंगवर नुसता स्पेसर, म्हणजे जाड चकती, बसवून उंची स्वस्तात मिळते, पण एक्सलचे रबरी बूट तिरपे होऊन लवकर फाटतात आणि बॉल जॉइंट शेवटाला टेकतात. टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा दांडा, असेल तर बोल्ट पिळून गाडी उचलून देणारे मिस्त्री आहेत. त्यात चाकाला खाली यायला जागाच उरत नाही आणि खड्ड्यात गाडी आपटते. मागे पाट्यांखाली ठोकळा घालायचा असेल तर एकच, आणि मापाचा. दोन ठोकळे एकावर एक कधीच नाही, आणि पुढच्या एक्सलला ठोकळा तर अजिबात नाही. पुष्कळ पिकअपना मालासाठी आधीच जास्तीचा पाटा घातलेला असतो. त्यावर आणखी एक घातला तर रिकामी गाडी पांदणीत उड्या मारते आणि ओल्यात पकड जाते. शॉकअप नव्या उंचीच्या लांबीचेच हवेत.

एक बारीक गोष्ट मात्र गाडीखाली झोपून स्वतः बघा. काही पिकअपमध्ये मागच्या एक्सलवरून एक सळई वर ब्रेकच्या व्हॉल्व्हला गेलेली असते. माल भरला की चेसिस खाली बसते, सळई सरकते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. मागून गाडी उचलली की त्या व्हॉल्व्हच्या लेखी गाडी कायम रिकामीच, आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक अपुरा पडतो. सळईची पट्टी नव्या उंचीप्रमाणे लावून घ्यायची असते. मिस्त्रीला तुम्हीच आठवण करा. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर चाक पूर्ण लोंबकळत असताना ताणली जात नाही ना, तेही तेव्हाच पाहा. प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या एक्सलला नेणाऱ्या दांड्याचा) कोन बदलून गाडी थरथरू लागली तर पाट्याखाली पाचर घालून कोन सुधारता येतो.

कामाच्या आदल्या संध्याकाळी यू-बोल्ट (पाटा एक्सलला आवळणारे) आणि शॉकअपच्या नटांवर गंजाचा स्प्रे मारून ठेवा. नवे यू-बोल्ट आणून ठेवा, काढलेले पुन्हा चढवायचे नाहीत. गाडी टेकवायला लोखंडी घोड्या चार लागतील, ठरावीक जोरानं कसायचा टॉर्क पाना लागेल, कॉइल काढायची असेल तर स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर लागेल. तो नसलेल्या मिस्त्रीकडे हे काम देऊ नका; दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो. जॅक मातीवर लावू नका, वावराच्या कडेला तर नाहीच. आणि बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे कसायचे, नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत बसतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं.

त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट. त्यासाठी यवतमाळ, वर्धा किंवा अमरावती गाठावी लागली तर हळू जा, पण जाच. लिफ्टनं पुढच्या चाकांचा कोन बदलतो, गाडी सरळ धरत नाही, टायर एका बाजूनं खाल्ला जातो. हेडलाइटही खाली करून घ्या, नाहीतर समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत उजेड जाईल. शंभरेक किलोमीटर झाले की यू-बोल्ट आणि चाकाचे नट पुन्हा कसा, हजाराच्या आत अलाइनमेंट पुन्हा तपासा आणि पुठ्ठ्यावरचे आकडे काढून पुन्हा मोजा.

घरच्या म्हाताऱ्या माणसांना चढायला पायरी लावा, आणि हमालांना आधीच सांगून ठेवा. फाळका दोन-अडीच इंच वर गेला की संत्र्याचे क्रेट चढवणारे जास्तीची हमाली मागतील, आणि ती रास्तच आहे. काढलेले पाटे, स्प्रिंगा आणि जुने टायर भंगारवाल्याला लगेच देऊ नका. पासिंगच्या वेळी साहेबांनी मूळ मापावर आणायला सांगितलं, किंवा गाडी विकताना गिऱ्हाइकाला उंची नको वाटली, तर हेच सामान दुप्पट भावानं शोधत फिरावं लागतं. ग्रीस लावून, पोत्यात बांधून, कोठ्यात वरच्या फळीवर टाकून द्या.